रतीब

‘सबस्क्राइब’ला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या ऑफिसात एकदा जेवणाच्या सुट्टीत चांगली अर्धा तास चर्चा झाली होती. कुणी ‘सदस्यता’ म्हणालं, कुणी ‘नोंदणी’, एकाने तर ‘अनुसरण’ काढलं. हे सगळे शब्द सरकारी फॉर्मवर शोभतात. मला तेव्हापासून एकच शब्द आवडतो, रतीब. दुधाचा रतीब, पेपरचा रतीब. एकदा लावला की रोज सांगावं लागत नाही. गावाला जाताना आठ दिवस बंद ठेवायचा, घर बदललं की तोडायचा. आणि गंमत म्हणजे दूधवाल्याला तुम्ही त्या दुधाचं दही लावता की मांजरीला पाजता याच्याशी काही कर्तव्य नसतं. तो आपला पिशवी ठेवून जातो.

आता ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी काडीचा संबंध नाही अशा नातेवाइकांनी इथेच उठून जाऊ नये. (नागपूरच्या काकू, तुम्हालाच म्हणते आहे.) गेली वीस-बावीस वर्षं मी पोटासाठी जे करते त्यातला मोठा भाग या रतीबांचाच आहे, आणि ‘तू नेमकं काय करतेस गं?’ या प्रत्येक लग्नातल्या प्रश्नाला एकदाचं उत्तर देऊन टाकावं असं बरेच दिवस मनात आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते. नाव सांगत नाही. औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर सांभाळायचो. तालुक्यातल्या मेडिकलवाल्याने ऑर्डर दिली आणि ती पक्की झाली की बऱ्याच गोष्टी व्हायला लागतात. साठ्यातून माल वजा करायचा, बिल बनवायचं, दुकानदाराला एसएमएस पाठवायचा, गोडाऊनमध्ये चिठ्ठी छापायची, टेम्पोवाल्याच्या यादीत नाव चढवायचं. सरळ पद्धत अशी, की ‘ऑर्डर पक्की कर’ नावाचं एक फंक्शन लिहायचं आणि त्यात ही कामं एकाखाली एक ठेवायची. सुरुवातीला ते वीस ओळींचं असतं, गोंडस असतं. मग कुणीतरी म्हणतं, अमुक कंपनीची औषधं असली तर तिच्या प्रतिनिधीला ईमेल गेला पाहिजे. मग कुणी म्हणतं, उधारी जास्त असली तर हिशेबनीसाला कळवा. बघता बघता त्या फंक्शनचं एकत्र कुटुंब होतं. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि एकाला सर्दी झाली की बाकीचे शिंकतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे ‘पब्लिश-सबस्क्राइब’. ऑर्डरवाल्याने फक्त ओरडायचं, ‘ऑर्डर पक्की झाली हो!’ ज्याला त्यात रस असेल त्याने आधीच रतीब लावून ठेवलेला असतो. बिलवाला ऐकतो आणि बिल बनवतो, गोडाऊनवाला ऐकतो आणि चिठ्ठी छापतो. ऑर्डरवाल्याला यांची नावंही माहीत नसतात. उद्या सहावा कुणी आला तर त्याने आपला रतीब लावावा, ऑर्डरच्या फंक्शनला हात लावायची गरज नाही.

कल्पना काही आजची नाही. १९९४ साली चार लेखकांचं ‘डिझाइन पॅटर्न्स’ नावाचं पुस्तक आलं, ज्या चौघांना आमच्या धंद्यात ‘गँग ऑफ फोर’ म्हणतात. त्यात २३ नमुने आहेत, आणि त्यातल्या ‘ऑब्झर्व्हर’ या नमुन्याचं दुसरं नाव ‘पब्लिश-सबस्क्राइब’ असंच दिलेलं आहे. त्याही आधी, १९८७ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातल्या केन बर्मन आणि टॉमस जोसेफ यांनी आपल्या ‘आयसिस’ या प्रणालीत ‘न्यूज’ नावाची अशीच सोय वर्णन केली होती. नाव बघा, बातमी! म्हणजे त्यांच्याही डोक्यात पेपरच असणार.

आमचं सॉफ्टवेअर जावास्क्रिप्टमध्ये, नोडवर होतं. नोड रायन डाल यांनी २००९ मध्ये आणलं, आणि त्याच्या पोटात ‘इव्हेंटएमिटर’ नावाची वस्तू तयारच असते. तिला मुख्य तीन गोष्टी येतात. ‘ऑन’ म्हणजे रतीब लावा, ‘ऑफ’ म्हणजे रतीब तोडा, आणि ‘एमिट’ म्हणजे वाटायला निघा. (‘वन्स’ पण आहे, एकदाच माल घेऊन आपोआप बंद होणारा रतीब.) आत काही जादू नाही. एक वही आहे. वहीत घटनेचं नाव, आणि त्याखाली ज्यांना कळवायचं त्या फंक्शनांची यादी. बस्स.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अण्णा आठवले होते, म्हणजे माझे वडील. ते एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यातली बरीच वर्षं कराड स्टँडवर गेली. आम्ही बहिणी शाळेतून येताना डबा द्यायला जायचो तेव्हा ते काचेमागे बसलेले असायचे, पुढ्यात हजेरीचे कागद, आणि एका हाताशी माईक. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. पाटण, कोयनानगरमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक ६ वर लागत आहे.’ घरी अत्यंत कमी बोलणारा हा माणूस माईकवर मात्र असा काही लागायचा की धाकटीला बरेच दिवस वाटत होतं, अण्णा रेडिओत आहेत.

अण्णा त्या माईकवरून कुणाला उद्देशून बोलत? तर कुणालाच नाही. चिपळूणला जाणारे आज चार आहेत की चाळीस, हे त्यांना माहीत नसायचं. स्टँडभर आवाज जायचा आणि ज्याच्या कानात ‘चिपळूण’ हा शब्द आधीपासून लावून ठेवलेला आहे तोच उठायचा. शेजारचा विट्याला जाणारा शेंगा सोलत बसलेला असायचा, त्याला ऐकूसुद्धा गेलेलं नसायचं. काहीजण मात्र खिडकीशी येऊन विचारायचे, ‘साहेब, चिपळूण गेली का?’ आणि अण्णा कितीही शांत असले तरी दिवसातल्या साठाव्या वेळी त्यांचा आवाज चढायचा. ‘आत्ताच तर सांगितलं!’ पण त्या माणसाची काय चूक? घोषणा झाली तेव्हा तो पुलावर रिक्षात होता.

इव्हेंटएमिटरचं नेमकं असंच आहे. एमिट झाल्यावर जो ‘ऑन’ करायला येतो त्याच्या हाती काही लागत नाही. घटना होऊन गेलेली असते, हवेत विरलेली असते. २००३ मध्ये या विषयावर एक चांगला आढावा घेणारा शोधनिबंध आला होता. त्यात म्हटलं आहे की पब्लिश-सबस्क्राइबमध्ये दोन बाजू तीन तऱ्हांनी एकमेकींपासून सुटतात. एक, त्यांना एकमेकींची ओळख लागत नाही. दोन, दोघी एकाच वेळी हजर असाव्या लागत नाहीत. तीन, एकीला दुसरीसाठी हातातलं काम थांबवावं लागत नाही. आता गंमत बघा, नोडच्या साध्या इव्हेंटएमिटरमध्ये यातली फक्त पहिली सुटका मिळते. बाकीच्या दोन हव्या असतील तर मध्ये एक टपालखातं उभं करावं लागतं, ज्याला ‘ब्रोकर’ म्हणतात. बरेच नवे लोक इव्हेंट म्हटलं की तिन्ही मिळाल्या असं धरून चालतात, आणि मग रात्री अकराला फोन येतात.

टपालखात्याचं उदाहरण म्हणजे एमक्यूटीटी. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी ते बनवलं. माहिती उपग्रहावरून जायची, म्हणजे महाग आणि बेभरवशाची. त्यात तीन प्रतींची हमी मिळते. पोचलं तर पोचलं, ही पहिली. निदान एकदा तरी पोचेलच पण दोनदाही पोचू शकेल, ही दुसरी. आणि नेमकं एकदाच, ही तिसरी आणि सगळ्यात खर्चिक. अण्णा प्रत्येक घोषणा तीन वेळा करायचे ते दुसऱ्या जातीतलं. ज्याने तिन्ही ऐकल्या तो वैतागायचा, पण गाडी चुकायची नाही. आणि पुलावरच्या रिक्षावाल्यासाठीही सोय आहे. एखाद्या विषयावरचा शेवटचा निरोप ‘रिटेन’ करून ठेवता येतो, म्हणजे उशिरा येणाऱ्याला आल्या आल्या तो हातात मिळतो. स्टँडवरच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवतात तसा. शिवाय आधीच एक निरोप लिहून ठेवता येतो की माझा संपर्क अचानक तुटला तर माझ्या वतीने हे सगळ्यांना सांगा. त्याला ‘लास्ट विल’ म्हणतात, चक्क मृत्युपत्र! इंजिनियर लोक कोरडे असतात असं कोण म्हणतं?

असो. भरकटले. नोडकडे परत येते, कारण मुख्य गोष्ट पुढेच आहे.

‘एमिट’ म्हटल्यावर काय होतं, तर यादीतली फंक्शनं ज्या क्रमाने रतीब लावला त्याच क्रमाने, एकामागून एक, तिथल्या तिथे चालवली जातात. पेपरवाला पोरगा सायकलवर निघाला आहे असं समजा. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर. तिसऱ्या घरी कुत्रा चावला. आता नोडचा पोरगा तिथूनच माघारी फिरतो आणि एजंटाच्या अंगावर ओरडतो. चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरी त्या दिवशी पेपर नाही. त्यांचा काय गुन्हा? काही नाही, यादीत ते कुत्र्यानंतर होते. ब्राउझरमधला पोरगा जास्त शहाणा आहे. तो कुत्र्याची तक्रार नोंदवतो आणि चौथ्या घराकडे निघतो. भाषा एकच, जावास्क्रिप्ट, पण मुलखाप्रमाणे रीत वेगळी. आणखी एक, नोडचा पोरगा सकाळी निघताना वहीची नक्कल खिशात घेऊन निघतो. तो वाटेत असताना तुम्ही रतीब तोडलात तरी आजचा पेपर दारात पडणारच.

हे सगळं माहीत असलेलं बरं. पण त्या औषधांच्या कामात जे झालं ते यापैकी कशानेच नाही.

२०१७ चा मे महिना होता. आमच्याकडे एक नवा मुलगा आला होता, कॉलेजातून निघून वर्षही झालं नव्हतं, कायम व्हायला एक महिना बाकी. त्याला काम दिलं होतं की घटनांची नावं एका शिस्तीत आण. आधीच्या लोकांनी कुठे जोडून लिहिलं होतं, कुठे मध्ये आडवी रेघ. त्याने ‘ऑर्डर पक्की’चं नाव बदललं, सगळा कोड शोधून जिथे जिथे जुनं नाव होतं तिथे नवं घातलं. चार ऐकणारे सापडले, चारही दुरुस्त केले. तपासून बघितलं, बिल बनतंय, साठा कमी होतोय, एसएमएस जातोय, टेम्पोच्या यादीत नाव येतंय. झालं.

पाचवा ऐकणारा सापडलाच नाही. तो वेगळ्या फोल्डरमध्ये होता आणि ज्याने तो लिहिला त्याने घटनेचं नाव दोन तुकडे जोडून बनवलं होतं, त्यामुळे शोधून मिळायला ते अखंड कुठे नव्हतंच. हा पाचवा काय करायचा, तर ऑर्डरमध्ये थंड ठेवायचं औषध असेल तर गोडाऊनला वेगळी निळी चिठ्ठी काढायचा, ‘बर्फाच्या पेटीत भरा’ अशी. तो जुन्या नावाचा रतीब लावून बसला होता. त्या नावाने आता कुणी ओरडणार नव्हतं. आणि कुठे काही लाल झालं नाही, कुठे एरर आला नाही. येणार कसा? न होणाऱ्या घोषणेची वाट बघत बसणं हा काही गुन्हा नाही.

तीन दिवसांनी माण तालुक्यातल्या एका दुकानदाराचा फोन आला. ‘ताई, इन्सुलिनची पेटी साध्या खोक्यात आली आहे. हाताला गरम लागते आहे.’

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. मे महिन्यात माणदेशात टेम्पोच्या हौद्यात किती तापतं ते तिकडच्यांना सांगायला नको. आणि खराब झालेलं इन्सुलिन बऱ्याचदा दिसायला अगदी चांगल्यासारखंच दिसतं, वास नाही, रंग नाही. टोचणारा टोचतो आणि साखर उतरत नाही. बाकीच्या दुकानांनी खोकं उघडून माल मुकाट्याने फ्रिजमध्ये ठेवून दिला होता. व्यापाऱ्याची दोन माणसं आणि मी, तिघं दिवसभर फोनवर होतो. एकेक दुकान गाठून, बॅच नंबर वाचून दाखवून, माल बाजूला काढायला लावला. एका गावात दोन कुप्या विकल्या गेल्या होत्या, एका आजींना. दुकानदाराने नावावरून घर ओळखलं आणि आपल्या मुलाला मोटरसायकलवर पाठवलं. तो परत येऊन ‘मिळाल्या, फोडलेल्या नव्हत्या’ असं सांगेपर्यंत जो पाऊण तास गेला तो मला अजून मिनिटामिनिटाने आठवतो.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. साहेबांच्या समोर तो मुलगा, चेहरा पांढराफटक. प्रश्न एकच चालला होता, ‘तू नीट तपासलं का नाहीस?’ आणि शेवट कुठे होणार हे सगळ्यांना दिसत होतं, कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावरच होता. मी प्रोजेक्टर लावायला सांगितला. बदलाच्या आधीचा कोड पडद्यावर आणला आणि म्हटलं, ‘इथे बसलेल्यांनी एवढंच सांगा, ही घटना झाल्यावर कोण कोण ऐकतं? यादी करा.’ खोलीत सात माणसं होती, सगळी त्या मुलापेक्षा जुनी, आणि एव्हाना पाचवा आहे हे तर सगळ्यांना कळलेलंच होतं. वीस मिनिटं शोधत होते. पाचवा कुठे बसला आहे ते एकालाही दाखवता आलं नाही. मग एकजण म्हणाला की ‘एमिट’ उलट उत्तर देतं ना, ऐकणारा होता की नव्हता असं? देतं. पण ते फक्त ‘कुणीतरी होतं’ एवढंच सांगतं. चार होते, म्हणून ते ‘हो’च म्हणालं असतं.

ओरडणाऱ्याला ऐकणारे माहीत नसावेत यासाठीच तर ही सगळी मांडणी. जे गुण म्हणून विकत घेतलं तेच त्या मे महिन्यात महागात पडलं, आणि त्याचं बिल सगळ्यात लहान माणसाच्या नावावर फाडायचं चाललं होतं. हे मी तिथे बोलले. जरा चढ्या आवाजातच बोलले, आणि त्याबद्दल नंतर मला केबिनमध्ये बोलावून सुनावण्यातही आलं. मुलगा कायम झाला. आठेक महिन्यांनी बंगळूरला गेला, जाताना काही न बोलता माझ्या टेबलावर काजूकतलीचा डबा ठेवून गेला.

नंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. घटनांची सगळी नावं एकाच फाइलमध्ये आणली, म्हणजे नाव चुकलं की प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. आणि निळ्या चिठ्ठीचं काम इव्हेंटवरून काढून पुन्हा सरळ त्या पहिल्या फंक्शनमध्ये टाकलं, नावानिशी हाक मारून. शुद्धतावादी मंडळींनी नाकं मुरडली. मुरडू देत. माझा भाचा हल्ली हे सगळं शिकतो आहे, त्याने मागच्या महिन्यात विचारलं, ‘मावशी, मग इव्हेंट वापरू की नको?’ मी म्हटलं, वापर की. एसएमएस गेला नाही तर जग बुडत नाही, तो खुशाल ऐकणाऱ्यांवर सोड. पण जे झालं नाही तर कुणाच्या जिवाशी येईल, त्याला अण्णा माईकवरून सांगत नसत. ड्रायव्हरला खिडकीशी बोलावून सांगत, आणि त्याच्याकडून ‘हो’ म्हणवून घेत. घाटात दरड आली आहे ही बातमी माईकची नव्हे.

आता रतीब तोडण्याविषयी. लावायला सगळ्यांना येतो, तोडायचा कुणाच्या लक्षात राहत नाही. जावास्क्रिप्टमध्ये वापरात नसलेली मेमरी झाडून काढणारा एक झाडूवाला असतो. त्याचा नियम सोपा, जिच्यापर्यंत कुठूनही पोचता येत नाही ती वस्तू कचरा. पण एमिटरच्या वहीत जर तिचं नाव असेल, आणि एमिटर प्रोग्रॅमभर जगणारा असेल, तर तिच्यापर्यंत पोचता येतं. मग ती कुणाच्या काही उपयोगाची उरलेली नसली तरी झाडूवाला हात लावत नाही. शिवाय ती एकटी नसते, तिने आपल्या पदराखाली जे जे धरलेलं असतं तेही सगळं जिवंत राहतं. एका घटनेवर दहाच्या वर ऐकणारे झाले की नोड स्वतःहून कुरकुर करतं, बाई गं, कुठेतरी गळती दिसते आहे. यावर बरेच लोक काय करतात, तर ती दहाची मर्यादा वाढवून ठेवतात! आणि ‘ऑफ’ करायचं तर ‘ऑन’ करताना दिलेलं तेच फंक्शन हातात पाहिजे. जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन दिलं असेल तर नंतर तोडणार कसं? दूधवाल्याकडे रतीब ‘कुलकर्णी’ म्हणून लावला आणि ‘तिसऱ्या मजल्यावरच्या ताई’ म्हणून बंद करायला गेलात तर तो मान डोलावेल, आणि उद्या पिशवी दारात असेलच.

यावर काही ठिकाणी कच्च्या शाईने नाव लिहायची सोय असते. पायथनच्या जँगोमध्ये सिग्नल असतात, तिथे ऐकणाऱ्याचं नाव मुळातच असं कच्चं लिहितात. बाकी कुणी त्याला धरून नसेल तर झाडूवाला त्याला नेऊ शकतो आणि वहीतलं नाव आपोआप पुसलं जातं. त्याचाही त्रास आहेच, फंक्शनच्या आत लिहिलेला ऐकणारा न सांगता नाहीसा होतो आणि आपण बसतो डोकं खाजवत. जावास्क्रिप्टमध्ये असं कच्चं नाव लिहिण्याचं साधन २०२१ मध्ये आलं. मी ते फारसं वापरत नाही. सरळ ‘ऑन’ लिहिलं की त्याच बैठकीत ‘ऑफ’ लिहायचं, मगच चहाला उठायचं.

अण्णा २०१४ मध्ये गेले. नंतरचे सहा महिने मी दर शनिवारी पुण्याहून कराडला जात होते, एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती घेऊन. पेन्शन, बँक, विमा, वीजबिल, गॅस, रेशनकार्ड. माझी यादी होती आणि मी एकेकावर खूण करत चालले होते. अण्णांनी वहीत सगळे ग्राहक क्रमांक त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहून ठेवलेले होते, त्यामुळे काम सोपं गेलं. दोन पेपर यायचे, त्यातला एक बंद केला. शेवटी एक मासिक राहिलं. अण्णांनी १९८१ पासून त्याची वर्गणी भरलेली होती. त्यातलं शब्दकोडं ते बॉलपेनने सोडवायचे, पेन्सिलने नाही. आई ते कधी वाचत नसे, तिचं वाचन वेगळं.

मी म्हटलं, ‘आई, हे पण बंद करून टाकू.’

‘तेवढं राहू दे,’ ती म्हणाली.

‘अगं पण तू वाचत नाहीस. वेष्टनसुद्धा फोडत नाहीस.’

ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘पोस्टमन फाटकातून त्यांचं पूर्ण नाव घेऊन हाक मारतो. महिन्यातून एकदा.’

मी यादीवर खूण केली नाही.

आता अण्णांना जाऊन दहाहून जास्त वर्षं झाली. आईच्या कॉटखाली मासिकांचे गठ्ठे आहेत, सुतळीने बांधलेले, वेष्टनासकट. पोस्टमन मध्यंतरी बदलला. नवा मुलगा तरुण आहे, तो सुरुवातीला अंक फाटकात खोचून निघून जायचा. आईने त्याला एकदा थांबवून पाणी दिलं आणि काय सांगितलं कोण जाणे, आता तोही हाक मारतो. मागच्या दिवाळीत वर्गणी संपल्याचं पत्र अण्णांच्याच नावाने आलं. आईने मला फोनवर वाचून दाखवलं. एका वर्षाची इतकी, तीन वर्षांची भरली तर सवलत.

मी विचारलं, ‘एका वर्षाची भरू?’

‘तीनची भर,’ ती म्हणाली. ‘स्वस्त पडते.’